वेगळं पीठ

कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या वस्तीत अठरा वर्षं पूर्ण झालेलं मूल आईला भेटायला आलं, की स्वतःचं पीठ घेऊन यायचं. हा नियम इथल्या बायकांच्या संघटनेचा होता, आणि संघटनेत तो जयवंता नावाच्या बाईने मांडला होता.

त्याचं कारण कायद्यात होतं. धंदा करणाऱ्या बाईच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा कोणीही गुन्हेगार ठरतो, दोन वर्षांपर्यंत कैद. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दलाल असतील, पण मुलगा किंवा मुलगी सोडून, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. शिवाय एखादा त्या बाईबरोबर राहताना सापडला तर तो तिच्याच कमाईवर जगतो असं कोर्ट धरून चालतं. तसं नाही, हे त्याने सिद्ध करायचं. संघटनेची वकील चारुता नागपूरहून पहिलं शिबिर घ्यायला आली तेव्हा तिने हे कलम मोठ्याने वाचलं. सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकीला आपल्या पोराचं वय आठवलं.

जयवंता तेव्हा उठून उभी राहिली होती. "मंग पोरगं अठराचं झालं का त्याचं अंथरून बाहेर. आपल्या घरी झोपायचं नाई, आपलं खायचं नाई. भेटाले आलं त आपलं पीठ आपन आनायचं."

"कायदा पिठापर्यंत नाही जात हो ताई," चारुता हसून म्हणाली होती.

"पोलीस येते ना घरापर्यंत. त्याले दाखवाले हातात काही पाहिजे."

चारुताने विषय सोडून दिला. यात नुकसान काही नाही असं तिला वाटलं असावं. पुढे ती रीतच पडली. सणावाराला पोरं बसमधून उतरायची ती हातात पिठाची पिशवी घेऊन. आई ते पीठ वेगळ्या परातीत मळायची आणि त्याच्याच पोळ्या त्याला वाढायची. भाजी-वरण मोजायचं की नाही यावर एका बैठकीत बराच वेळ चर्चा झाली आणि मोजायचं नाही असं ठरलं. "वरनात कायदा बुडत नाई वाटते," असं मनकर्णाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या आणि सगळ्याजणी पोट धरून हसल्या होत्या.

मनकर्णाबाईंचं हसणं त्यांचा ऋतिक अठराचा होईपर्यंत टिकलं. त्याचं अंथरूण जयवंताने स्वतः ओट्यावर नेऊन ठेवलं. तो समुद्रपूरच्या बाजूला एका जिनिंगमध्ये कामाला लागला. दोनदा पीठ घेऊन आला. तिसऱ्यांदा त्याने पिशवी उंबऱ्यावर ठेवली, म्हणाला, "भिकारी बी आपलं पीठ घेऊन येत नाई, माय," आणि तसाच स्टँडकडे वळला. त्यानंतर तो आला नाही. मनकर्णाबाई तेव्हापासून धंद्यातून बाहेर होत्या, वस्तीतल्या पोरींचा स्वयंपाक करायच्या. ती पिशवी त्यांनी खुंटीला टांगून ठेवली होती. पिठात किडे झाले, जाळी धरली, तरी त्यांनी ती काढली नाही.

"कायदा सगळ्याले सारखा," जयवंता तेव्हा त्यांना म्हणाली होती. "माही मंजू अठराची होईन तवा तिलेही हेच."

आणि तसंच झालं होतं. मंजुषा, जयवंताची एकुलती एक मुलगी, वर्ध्याला होस्टेलवर राहून लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करत होती. सुट्टीत यायची ती दुपारपुरती, पीठ घेऊन. तिच्या शिक्षणाचा जयवंताला अभिमान होता आणि तो तिने लपवला नाही. नागपूरला, पुण्याला, एकदा दिल्लीला, संघटनेने जिथे जिथे तिला उभं केलं तिथे तिचं भाषण एकाच वाक्याने संपायचं. "मी धंदा करते आन धंद्याच्या कमाईवर पोरीले शिकवते. मले कोनाची लाज नाई." त्या वाक्याला टाळ्या ठरलेल्या होत्या.

श्रावणाच्या सुरुवातीला मंजुषाला कावीळ झाली. होस्टेलने, बरी होऊन या, असं सांगून तिला घरी पाठवलं. ती बसमधून उतरली तेव्हा तिचे डोळे पिवळे होते, आणि हातात पिठाची पिशवी होती.

"पोई खाऊ शकते का तू?" जयवंताने विचारलं.

"नाई. वास सहन होत नाई."

"मंग हे काऊन आनलं?"

"नियम आहे ना तुहा."

तिने रिपोर्ट दाखवला. बिलिरुबिन किती असायला हवं आणि किती झालंय ते आईला समजावून सांगितलं. जयवंताला एवढंच कळलं, की हा आकडा खाली यायला पाहिजे आणि तोवर पोरीने पडून राहायला पाहिजे. तिने आपल्या खाटेवर तिचं अंथरूण घातलं. गिऱ्हाइकांना येऊ नका म्हणून सांगितलं. मऊ भात दिला, मुगाचं पाणी दिलं. तांदूळ जयवंताच्या स्वतःच्या डब्यातले होते. नियमात पीठ होतं, तांदूळ नव्हते, असं तिने मनाला सांगितलं, आणि हे आपण मनाला सांगतोय हेही तिला कळत होतं.

वस्तीत तिला तोंडावर कोणी काही बोललं नाही. ती त्यांची पुढारी होती. फक्त मनकर्णाबाई दोरीवर वाळत घातलेले मंजुषाचे कपडे बघत उभ्या राहायच्या.

"तब्येत कशी आहे व पोरीची?"

"कावीळ उतरून राह्यली आता."

"उतरन, उतरन. घरच्या खाटेवर सगळंच उतरते."

छापा दुपारी पडला. गणपतीच्या तोंडावर पलीकडच्या कॉलनीतल्या लोकांनी अर्ज दिला होता. साहेब तरुण होते आणि सभ्य होते. चारुताने पोलिसांसाठी घेतलेल्या शिबिरात ते बसले होते आणि बायकांना ताई म्हणायचं, हे ते तिथेच शिकले होते. बरोबर दोन पंच होते, त्यातली एक बाई, कायद्यात आहे तसं. सगळ्या बायकांना बाहेर ओट्यावर बसवलं. मग ते जयवंताच्या खोलीत आले.

"ही कोण, ताई?"

"माही पोरगी. बिमार आहे."

"इथेच राहते?"

जयवंताने उत्तर द्यायच्या आत दाराबाहेरून मनकर्णाबाईंचा आवाज आला. "राह्यते ना. महिना होऊन राह्यला."

जयवंताने कोपऱ्यातली पिशवी उचलून साहेबांपुढे धरली. "साहेब, हे पाहा. तिचं पीठ वेगळं आहे. ती माहं खात नाई."

साहेबांनी पिशवीत डोकावलं. त्यांना काहीच समजलं नाही. पंच म्हणून आलेल्या बाईने हसू दाबायला तोंडावर पदर घेतला.

"पीठ," साहेब म्हणाले. "बरं. म्हणजे ताई, ही पण...?"

त्यांनी हाताने अर्धवट खूण केली. जयवंताला ती कळली. ती ताठ उभी राहिली. तिचा आवाज माइकपुढे व्हायचा तसा झाला.

"ती नाई. ती शिकते. मी धंदा करते आन धंद्याच्या कमाईवर पोरीले शिकवते. मले कोनाची लाज नाई."

खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खाटेवर मंजुषाने डोळे मिटले. साहेब मागे वळून हवालदाराला शांतपणे म्हणाले, "ताईंचं वाक्य जसंच्या तसं घ्या."

संध्याकाळी सगळ्यांना वैद्यकीय तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी, वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. सोडवून आणलेल्या बायकांची तपासणी करायची असते, वय, जखमा, गुप्तरोग. मंजुषा आरोपी की पीडित, हे पोलिसांनी अजून ठरवलं नव्हतं, म्हणून तिलाही रांगेत बसवलं. ज्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेत होते, तिथेच तिचं ट्रेनिंग चालू होतं.

टेबलामागे सुमीत होता, तिच्या बॅचचा. तिला बघून त्याचा चेहरा खुलला.

"अगं, तू सुट्टीवर होतीस ना? बरं झालं आलीस, आज माणूसच नाही कोणी. ये इकडे, लेबलं लाव."

मंजुषा टेबलाच्या पलीकडे गेली नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि तिने बाही वर केली.

"हिचंपण," मागे उभी असलेली महिला पोलीस म्हणाली. "व्हीडीआरएल. गुप्तरोगाची."

सुमीतने फॉर्मवरचं नाव वाचलं. मग तिच्याकडे न बघता रबराचा पट्टा तिच्या दंडाला बांधला. पहिल्यांदा सुई शिरेच्या बाजूने गेली.

"बाहेरची घे," मंजुषा हळू म्हणाली. "माझी तीच मिळते. प्रॅक्टिकलला तूच घेतली होतीस."

पहिल्या सहामाहीत ते सगळे एकमेकांच्याच हातांवर रक्त काढायला शिकले होते. सुमीत थांबला. त्याने सुई बाजूला ठेवली, खोक्यातून हातमोज्यांची दुसरी जोडी काढली आणि आधीच्या जोडीवर चढवली. मग दुसरी सुई घेतली.

मंजुषा त्या हातांकडे बघत राहिली. "बरं केलंस," ती म्हणाली. "कावीळ आहे मला."

"हो ना," तो घाईघाईने म्हणाला. "कावीळ असली की घालावेच लागतात."

लाल झाकणाची ट्यूब भरली. बाकावर बसलेल्या जयवंताने हे सगळं पाहिलं. काविळीचं तिला तेव्हा खरंच वाटलं.

त्यांना सरकारी महिलागृहात ठेवलं. चारुता दुसऱ्या दिवशी सकाळी आली. भेटीच्या खोलीत तिघीच होत्या. चारुताने बॅग टेबलावर टाकली आणि पहिलं वाक्य बोलली ते हेच.

"जयवंताताई, ते वाक्य का बोललात तुम्ही?"

"तुमीच त म्हनत होते, लाजू नका. पोलिसापुढं खोटं बोलू नका."

चारुता खुर्ची ओढून समोर बसली. मग तिने सगळं नीट सांगितलं. जयवंताची काळजी नव्हती. ती सज्ञान, मर्जीने काम करणारी, तिला डांबून ठेवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, ती उद्या सुटेल. प्रश्न मंजुषाचा होता. ती एकोणीस वर्षांची, आईच्या घरात राहताना सापडली, आणि आई स्वतःच सांगते की ती माझ्या कमाईवर शिकते. कलम याहून स्पष्ट लागू पडणार नाही. केस तीन-चार वर्षं चालेल. कदाचित सुटेलही. तोवर चारित्र्याचा दाखला मिळणार नाही, आणि त्याशिवाय कुठल्याच सरकारी लॅबमध्ये जागा नाही.

"दुसरा रस्ता नाई का?" जयवंताने विचारलं.

"आहे." चारुताने मंजुषाकडे बघितलं. "कमाईवर जगणारी आरोपी असते. कमावणारी नसते. मंजुषाने उद्या म्हणायचं, मीपण हेच काम करते, माझ्या मर्जीने. मग तीही तुमच्यासारखी सुटते. केस नाही, आरोपपत्र नाही. पीडितेचं नाव छापता येत नाही, कुणाला कळत नाही."

"नाई," जयवंता म्हणाली.

"ऐका तर. फक्त आईच्या घरी करते असं म्हणायचं नाही. एका घरात दोघी म्हटलं की त्याचा कुंटणखाना होतो आणि तुम्ही चालवणाऱ्या. वर्ध्यात करते म्हणायचं. एकटी."

"वर्ध्यात कुठे?" मंजुषाने विचारलं. होस्टेलची फी कधी भरायची, असं विचारावं तसं तिने ते विचारलं.

"ते विचारणार नाहीत."

"नाई म्हनलं ना," जयवंताचा आवाज चढला. "माही पोरगी असं काही बोलनार नाई. मी जाते ना तुरुंगात. मले टाका."

"तुम्हाला टाकायला कलमच नाहीये, ताई. तिला टाकायला आहे."

मंजुषाने आईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा जवळपास गेला होता. "माय, काम आहे ना हे?"

"आहे."

"मंग?"

"तू करत नाई ते."

"मी पोस्टात बी काम नाई करत. उद्या कोर्टात म्हनलं मी पोस्टात हाओ, त तू एवढी भडकली असती का?"

"मंजू, असं बोलू नोको."

"काऊन? इतके वर्स तू माहं शिक्षन स्टेजवर सांगत फिरली. मले इचारलं कधी? टाळ्या तुले भेटल्या, माय. कलम मले लागलं." ती चारुताकडे वळली. "मी म्हणते, मॅडम. लॅबमध्ये सगळ्यांनी बघितलंच आहे. आता लपवायला काही उरलं नाही. केस तरी टाळू."

"लॅबमदी काय पाह्यलं? त्या पोट्ट्यानं त कावीळीसाठी..." जयवंता बोलता बोलता थांबली.

"महिना झाला माही कावीळ सगळ्या बॅचले माहीत आहे," मंजुषा म्हणाली. "बिलिरुबिन त्यानंच काढलतं. हातमोज्याच्या एकाच जोडीनं."

कोर्टात मॅजिस्ट्रेट बाई होत्या. वयाने जयवंताएवढ्याच. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि सगळ्याजणींना बाकांवर बसायला लावलं, कुणाला उभं ठेवलं नाही. एकेकीला नाव, वय विचारत होत्या आणि कुणी जबरदस्ती करतं का, परत कुठे जायचंय, असं विचारत होत्या. मनकर्णाबाईंचा नंबर आधी लागला.

"तुम्ही स्वतःच्या मर्जीने हे काम करता?"

"आता कशाची मर्जी, बाईसाहेब. गुडघे बी मर्जीनं वाकत नाई. सैपाक करते मी पोरींचा."

मॅजिस्ट्रेटसुद्धा थोडं हसल्या. मग मंजुषाचं नाव पुकारलं. ती पुढे गेली आणि शिकवलेलं वाक्य न अडखळता बोलली. मी सज्ञान आहे, हे काम मी माझ्या मर्जीने करते, वर्ध्यात, एकटी.

मॅजिस्ट्रेटने समोरचे कागद चाळले. "तुमच्या आईचा जबाब वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "जयवंताबाई, पुढे या. तुम्ही पोलिसांना सांगितलंत की मुलगी शिकते, हे काम करत नाही, तुमच्या कमाईवर शिकते. मुलगी म्हणते, मी करते. दोन्ही खरं असू शकत नाही."

जयवंता पुढे जाऊन उभी राहिली. चारुताने तिला तीनदा सांगून ठेवलं होतं की हा प्रश्न येईल, आणि त्यावर काय बोलायचं तेही सांगितलं होतं. चार-पाच शब्द होते. सरकारी वकील खुर्चीत पुढे सरकले. 'नाही' म्हटलं की मुलगी आरोपी, हे त्यांनाही माहीत होतं.

"घाबरू नका," मॅजिस्ट्रेट म्हणाल्या. "सावकाश सांगा."

मंजुषा जयवंताच्या शेजारीच उभी होती, समोर बघत. मागच्या बाकावरून मनकर्णाबाई बोलल्या, फार मोठ्याने नाही.

"सांग ना व, जयवंता. स्टेजवर त सांगत होती."

"मागे शांत बसा," मॅजिस्ट्रेट म्हणाल्या.

"करते," जयवंता म्हणाली. "पोरगी बी करते."

"मग पोलिसांना खोटं का सांगितलं?"

हा प्रश्न चारुताने सांगितला नव्हता. तिने बाकावरून मान वर केली. जयवंताने तिच्याकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि मुलीने मान वळवली नाही.

"लाज वाटली," जयवंता म्हणाली.

मॅजिस्ट्रेटने ते टायपिस्टला सांगितलं. लाज वाटल्यामुळे आईने आधी खोटं सांगितलं. टायपिस्टचे हात चालले आणि थांबले. मग मॅजिस्ट्रेट मंजुषाकडे बघून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "शिकतेस ना तू? चांगली दिसतेस बोलण्यावरून. काही तरी दुसरं बघ, बाळा. वय गेलेलं नाही तुझं."

"हो, मॅडम," मंजुषा म्हणाली.

दुपारपर्यंत सगळ्याजणी सुटल्या.

कोर्टाच्या फाटकाबाहेर सेलूहून, आर्वीहून, हिंगणघाटहून संघटनेच्या बायका आल्या होत्या. त्यांनी घोषणा सुरू केल्या. चारुता बाजूला उभी राहून फोनवर संघटनेच्या पुण्याच्या लोकांशी बोलत होती. "आई आणि मुलगी, दोघी, एकाच दिवशी. हो, लेखी. ऑर्डरमध्ये 'स्वेच्छेने' असा शब्द आलाय, पहिल्यांदाच आपल्याकडे." बोलता बोलता तिचं लक्ष मंजुषाकडे गेलं आणि ती पाठ फिरवून बोलू लागली.

कुणीतरी मंजुषाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. "ताई, दोन शब्द बोला," सेलूची एक पोरगी तिचा हात धरून म्हणाली. "आमाले बी हिंमत येईन."

"माह्या मायले बोलू द्या," मंजुषा म्हणाली. "तिले सवय आहे."

बायका जयवंताकडे वळल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं, टाळीसाठी हात उचललेले होते. जयवंता पाण्याच्या नळाकडे गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

परतीच्या बसमध्ये मंजुषाने मोबाइल चालू केला. बॅचच्या ग्रुपमधून तिला काढून टाकलं होतं. तिने स्क्रीन आईपुढे धरली नाही, पण लपवलीही नाही. मागच्या सीटवरून मनकर्णाबाई पुढे वाकल्या.

"जयवंता, एक इचारू? माह्या ऋतिकले असं म्हनता आलं असतं का? का मी बी करतो म्हनून?"

"नाई."

"हाव. पोट्ट्याले कोन मानन." त्या मागे टेकल्या. "पोरीचं बरं असते."

घरी पोचल्यावर जयवंता ओट्यावर बसून राहिली. खोली पोलिसांनी सोडली होती तशीच होती. खाट भिंतीपासून ओढलेली, परात पालथी. मंजुषाने परात सरळ केली, पुसली, चूल पेटवली. कोपऱ्यातली आपली पिशवी उचलली आणि आईच्या पिठाच्या डब्याचं झाकण काढलं.

"काय करून राह्यली?" जयवंताने दारातून विचारलं.

"पोया करते. भूक लागली." तिने पिशवी डब्यात रिकामी केली आणि हाताने पीठ वरखाली केलं. "आता कशाले वेगळं? मी तुह्या कमाईवर नाई आता. माही कमाई आहे. कोर्टात लिहून आहे."

तिने डब्यातलं पीठ परातीत घेतलं, मीठ टाकलं, पाणी टाकलं आणि मळायला लागली. जयवंता आत आली, पण तिच्या हातातून परात घ्यायचं तिला सुचलं नाही.

दारात मनकर्णाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात खुंटीवरची ती पिशवी होती. मंजुषा मळत होती ते, कोपऱ्यात पडलेली रिकामी पिशवी, उघडा डबा, सगळं त्यांनी पाहून घेतलं.

"एकाच डब्यात झालं वाटते," त्या म्हणाल्या. "मंग नियम मोडला ना? सांगून टाक. मी ऋतिकले फोन लावते. ये म्हनते, मोकळ्या हातानं ये. उचलन तो आज. तुह्या तोंडचं सांगतलं त उचलन."

वस्तीत आणखी तिघींची पोरं पुढच्या वर्षभरात अठराची होणार होती. एकीचं तर दिवाळीतच. पोलीस पुन्हा येणार होते आणि प्रत्येक वेळी चारुताला एवढा चांगला रस्ता सापडणार नव्हता. जयवंताला हे सगळं एका क्षणात दिसलं. तिने पदर खोचला. तिचा आवाज बैठकीत असायचा तसा होता, ठाम, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"नियम मोडला नाई. नियम सगळ्याले सारखा आहे. मंजू आता धंद्यातली आहे, तिले तो लागत नाई."

मंजू काय करते, हे तिला इथे कोणी विचारलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं.

परातीत मंजुषाचे हात थांबले. मनकर्णाबाईंनी पिशवीचं तोंड वळून घट्ट केलं, ती काखेत धरली आणि त्या आपल्या खोलीकडे गेल्या. मग मंजुषाने थोडं पाणी घेतलं आणि पुन्हा मळायला लागली.